पावसाच्या जागी तारीख

नेवेंका मायनारिचने एकोणचाळीस वर्षं रोज सकाळी सात वाजता पाऊस मोजला. तिच्या अंगणात, आलुबुखाराचं झाड आणि लाकडांची शेड यांच्यामध्ये, एका खांबावर जस्ताचं नळकांडं बसवलेलं होतं. ती वरचं झाकण काढायची, आतल्या डब्यातलं पाणी काचेच्या मोजनळीत ओतायची, नळी डोळ्यांच्या पातळीवर धरायची आणि वाचायची. हिवाळ्यात आमच्या गोर्स्की कोतारच्या डोंगरांत पाणी कसलं, बर्फच. मग ती डबा उचलून आत आणायची, चुलीशेजारी ठेवायची आणि बर्फ वितळेपर्यंत कॉफी पीत बसायची. हवामान कचेरीला बर्फही पावसासारखाच हवा असे, मिलिमीटरमध्ये.

लग्नाच्या दिवशी सकाळी तिने पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलून पाऊस मोजला होता. दुन्या झाली तेव्हा ती प्रसूतिगृहात होती. नवरा, झ्वोंको, फुलं घेऊन आला, तर तिने पहिला प्रश्न विचारला, “किती पडला?”

“अगं, मुलगी कशी आहे हे मी विचारायचं, आणि तू मला पाऊस विचारतेस?”

“मुलगी चांगली आहे. किती पडला?”

“अकरा आणि काहीतरी.”

“काहीतरी म्हणजे किती, झ्वोंको?”

हे आकडे पुढे कोण वाचतं, त्यांचं काय होतं, हे तिला कधीच कळलं नाही. तिने विचारलंही नाही. ती लाकडाच्या कारखान्याच्या भोजनालयात बटाटे सोलायची; कारखाना बंद पडला तेव्हा घरी बसली. आयुष्यात तिला कुणी काही सही करायला किंवा ठरवायला सांगितलं नव्हतं. फक्त हा एक आकडा असा होता, की जो रोज जगात पहिल्यांदा तिला कळायचा, आणि तिने सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळायचा नाही.

आमच्याकडे दशांशाला स्वल्पविराम देतात. टिंब असतं ते तारखेला. आठ जून लिहायचा तर ८.६. असा लिहितात, आणि साडेआठ लिहायचे तर ८,५ असे. पण नेवेंका पावसालाही टिंबच द्यायची. त्याचं कारण एकोणऐंशी सालचं. नव्या निरीक्षकांना तीन दिवस शिकवायला बोलावलं होतं, आणि तिथला शिकवणारा, सिगारेट ओढून ओढून मिशी पिवळी झालेला म्हातारा, म्हणाला होता, “पोरींनो, तुम्ही पावसात उभं राहून पेन्सिलीनं लिहिणार. ओल्या कागदावर स्वल्पविराम ओघळतो आणि त्याचा एक होतो. बारा पूर्णांक पाचाचे बाराशे पंधरा होतात. तुम्ही आपलं टिंब द्या. टिंब फुगलं तरी टिंबच राहतं.” बाकीच्या पोरी ते विसरल्या. नेवेंका विसरली नाही.

दोन हजार अठराच्या जानेवारीत कागद बंद झाले. दर महिन्याला येणारा हिरवा छापील तक्ता आला नाही, त्याऐवजी पत्र आलं: यापुढे आकडे थेट संगणकावरच्या तक्त्यात भरावेत. दुन्या शहरात जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. तिने आपला जुना लॅपटॉप आणून स्वयंपाकघरात, खिडकीपाशी लावून दिला.

“आई, हे बघ. ही ओळ म्हणजे दिवस. हा रकाना म्हणजे पाऊस. आकडा लिही, एंटर दाब, झालं. आपोआप तिकडे पोचतो.”

“आणि चुकला तर?”

“तुझा कधी चुकलाय?”

नेवेंका खूश झाली. कागदाची वही तिने फडताळात ठेवून दिली. अंगणापासून खिडकीपर्यंत चाळीस पावलं. तेवढा वेळ आकडा डोक्यात धरायचा, एवढंच काम. ती एका बोटाने, कळांकडे बघत लिहायची. एंटर दाबलं की चुलीची काजळी नको बसायला म्हणून लगेच झाकण मिटायची. पडद्याकडे बघायची तिला गरजच वाटत नसे. आपण लिहिलेलं आपण परत कशाला वाचायचं?

आता या घरात कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. त्या तक्त्यातला रकाना वहीच्या चौकोनासारखा नसतो. वहीच्या चौकोनात आपण जे लिहितो तेच असतं, आणि जे असतं तेच दिसतं. हा रकाना दोन मजली असतो. खालच्या मजल्यावर तो एक गोष्ट ठेवतो आणि वरच्या खिडकीत दुसरीच दाखवतो. आत काय ठेवायचं हे तो लिहिणाऱ्याला न विचारता ठरवतो. ८,६ लिहिलं तर त्याला तो आकडा समजतो. ८.६ लिहिलं तर त्याला वाटतं, ही तारीख आहे, आणि तो खिडकीत दाखवतो: ‘८. लिप’. लिप म्हणजे लिपान्य, आमचा जून, लिंडनची झाडं फुलायचा महिना. आणि खाली तळघरात तो ठेवतो त्रेचाळीस हजार दोनशे एकोणसाठ. एकोणीसशे सालच्या पहिल्या जानेवारीपासून त्या आठ जूनपर्यंतचे दिवस. साडेआठ मिलिमीटरच्या जरा वर पडलेला पाऊस असा कुठेच उरत नाही, वरही नाही आणि खालीही नाही.

आणि हेही दर वेळी होत नसे. पाऊस ०.४ असेल तर महिन्याची शून्यावी तारीख नसते, म्हणून रकाना तो जसाच्या तसा ठेवायचा. पण आकडा म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून, म्हणजे बेरजेत न धरता. ६.० असेल तर शून्यावा महिना नसतो, तोही तसाच राहायचा. पाऊस एकतीसच्या वर गेला तरी तसाच, कारण बत्तीस तारीख नसते. मधल्या पावसाच्या मात्र तारखा व्हायच्या. त्यात ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर कधीच यायचे नाहीत, कारण दशांशाच्या एका घरात नवाच्या पुढे काही मावत नाही. कुणी ते सगळे रकाने ओळीने पाहिले असते तर एवढ्यावरूनही समजलं असतं. वेड लागलेला माणूस वर्षाचे शेवटचे तीन महिने असे नेमके वगळत नाही.

फेब्रुवारीत कचेरीतून फोन आला. तिहोमिर नावाचा गृहस्थ होता, आवाजावरून चाळिशीतला, थट्टेखोर.

“मायनारिचबाई, अभिनंदन. तुमच्या गावावर जानेवारीत तीनशे मीटर पाऊस पडला.”

“मीटर?”

“बेरीज तसं सांगतेय. कॅथेड्रलचे मनोरे बुडाले असते. अहो, तुम्ही सात दिवस पावसाच्या जागी तारखा लिहिल्यात.”

“तारखा? मी कशाला तारखा लिहू? तुमच्या यंत्रातच काहीतरी झालं असेल.”

तो हसला. “पाऊस मोजायची दोनशे ठाणी आहेत बाई. बाकी कुणाकडे असं होत नाही. बरं, ते सात आकडे आठवतात का?”

तिने सातही सांगितले. तोंडपाठ, तारीखवार. त्याने ते त्याच्या हाताने, स्वल्पविराम देऊन, भरले. “कमाल आहे तुमची,” तो म्हणाला. फोन ठेवल्यावर नेवेंका बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. दूध उतू गेलं.

मार्चमध्ये नऊ दिवस. एप्रिलमध्ये अकरा. एप्रिलच्या अकरांपैकी सहा आकडे तिला आठवले, दोन तिने अंदाजाने सांगितले, तीन राहिले. तिहोमिरने थट्टा केली नाही. तो हळू आवाजात म्हणाला, “काही हरकत नाही, काकू.” त्या दिवशी तो पहिल्यांदा तिला काकू म्हणाला. आणि मग त्याने दुन्याला फोन केला, कारण फॉर्मवर दुसरा नंबर तिचा होता.

इथे नेवेंकाच्या आईबद्दल सांगायला हवं. रेझिका तिचं नाव. शेवटची सहा वर्षं ती या घरात होती. पहिल्यांदा तिने कॉफीत मीठ घातलं, आणि शपथ घेऊन सांगितलं की मी घातलं नाही. मग जेवणाच्या टेबलावर मेलेल्या मुलासाठी ताट मांडलं. मग एके दिवशी नेवेंका तिचे केस विंचरत असताना तिने आरशातून विचारलं, “बाई, तुम्ही कुणाच्या?” मीठ घातलेलं नाही याबद्दल तिला शेवटपर्यंत खात्री होती. हे नेवेंका विसरू शकली नव्हती: ती खात्री. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नव्हता तो. मुळीच नव्हता.

दुन्या शनिवारी आली. तिने आईला लॅपटॉपपुढे बसवलं आणि शेजारी उभी राहिली.

“लिही बरं, रोज लिहितेस तसं. आज किती?”

“शून्य पूर्णांक चार. नुसतं दव म्हण.”

नेवेंकाने लिहिलं. रकान्यात ०.४ उमटला. टिंबाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. टिंब काय आणि स्वल्पविराम काय, माशीच्या पायाएवढं.

“हे तर बरोबर आलं,” दुन्या म्हणाली. “आता दुसरं काहीतरी लिही. वीस लिही.”

वीस आले.

“म्हणजे तू लिहितेस बरोबर,” दुन्या म्हणाली, आणि तिच्या बोलण्यातला ‘कधी कधी’ हा शब्द न उच्चारताही स्वयंपाकघरात ऐकू आला.

झ्वोंको दारात टेकून उभा होता. त्याने वातावरण हलकं करायला म्हटलं, “जोराचा पाऊस आला की हिचं डोकं भिजत असेल. रिमझिम असली की शुद्धीवर असते.” तो हे गमतीने म्हणाला. पण मग तिघांनीही मागचे रकाने पाहिले, आणि ते खरंच तसं होतं. थोडा पाऊस, बरोबर आकडा. बरा पाऊस, तारीख.

मेच्या शेवटी एका सकाळी नेवेंकाने ठरवलं, की आज कळांकडे नाही, पडद्याकडे बघायचं. त्या दिवशी पाऊस ८.६ होता. चाळीस पावलं ती तोंडाने आठ-सहा, आठ-सहा म्हणत आली. लिहिलं. एंटर दाबलं. रकान्यात ‘८. लिप’ होतं.

तिने पुसलं, पुन्हा लिहिलं. ८. लिप. तिसऱ्यांदा तिने हात मांडीवर घेतला.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, या यंत्राला लाथाच मारायला हव्यात. नेवेंका तसं म्हणू शकली नाही. आपण ही अक्षरं दाबली नाहीत असं तिला अगदी खात्रीने वाटत होतं, आणि तीच तर खूण होती. तिने ते इतक्या जवळून पाहिलं होतं. शिवाय आठ जून. त्याच दिवशी तिच्या आईने तिला आरशातून विचारलं होतं, बाई, तुम्ही कुणाच्या. पाऊस म्हणून आपण आठ-सहा मनात धरलं, आणि बोटांनी ते तारीख म्हणून लिहिलं. बोटांना जे सलत होतं ते बोटांनी लिहिलं. असं तिने स्वतःला समजावलं.

मग ती मागच्या सगळ्या तारखा शोधत बसली. कॅलेंडरच्या पाठीवर तिने यादी केली. १४.७ म्हणजे चौदा जुलै: त्या दिवशी तिचा भाऊ जंगलात कोसळत्या फरच्या झाडाखाली सापडून गेला. ३.४, तीन एप्रिल: आईला पुरलं. १९.२: कारखान्याचं फाटक बंद झालं ती शेवटची पाळी. २२.५: झ्वोंकोशी सहा महिने अबोला धरला त्याचा पहिला दिवस. एकही तारीख कोरी निघाली नाही. साठ वर्षं जगलेल्या माणसाला कुठल्याही तारखेला काहीतरी झालेलं असतंच, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिला वाटलं, आपल्या आत कुणीतरी बसलं आहे आणि ते आपल्याला विचारल्याशिवाय आपलं आयुष्य लिहून काढतं आहे, पावसाच्या रकान्यात.

जूनमध्ये तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होती, बोटांवर आयोडीनचे डाग असलेली. तिने घड्याळ काढायला सांगितलं. नेवेंकाने काढलं, काटे सात वाजल्याचे. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. नेवेंका बहात्तरपर्यंत नीट आली.

“आज तारीख काय, मायनारिचबाई?”

नेवेंकाने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. तारीख हा शब्दच आता तिला नको असायचा. खोलीत दुन्या होती, झ्वोंको होता, दोघंही तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

“आज कोरडं आहे,” ती शेवटी म्हणाली. “काहीच पडलेला नाही.”

डॉक्टरने काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर तिने दुन्याला सांगितलं की सुरुवात असू शकते, नसूही शकते, घरात आधी कुणाला होतं ना, लक्ष ठेवा. गोळ्या दिल्या.

आणि सगळे लक्ष ठेवू लागले. यापेक्षा वाईट त्यांनी काही केलं नाही, पण माणसाला खचवायला तेवढं पुरतं. झ्वोंकोने गाडीच्या किल्ल्या आपल्या खिशात ठेवायला सुरुवात केली. ती चुलीपासून उठली की तो उगाच काहीतरी शोधत चुलीपाशी जायचा. शेजारची मांदा पूर्वी तिला म्हणायची, “काय गं नेवेंका, उद्या कपडे वाळतील का?” तीच आता मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून विचारू लागली, “कशी, आहेस, नेवेंका?”

“मला ऐकू येतं गं मांदा,” नेवेंका म्हणायची. “दुसरंच बिघडलंय.”

तिच्या स्वतःच्याही हाताला शंका चिकटली. मक्याच्या पिठाची उकड ती डोळे मिटून करायची. आता मीठ टाकलं की चमचा हातात धरून उभी राहायची. “झ्वोंको, मी मीठ घातलं का?” तो चाखून बघायचा. “घातलंयस, राणी.” लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि त्याने तिला यापूर्वी कधी राणी म्हटलं नव्हतं. ते ऐकून तिला रडू यायचं.

सप्टेंबरमध्ये तिहोमिरचा फोन झ्वोंकोला आला. ठाणं दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल, नाहीतर बंद करावं लागेल. झ्वोंको संध्याकाळपर्यंत ते सांगू शकला नाही. शेवटी तीच म्हणाली, “माझ्याबद्दल होता ना फोन?”

“मी त्यांना सांगतो, की—”

“काही सांगू नकोस. तू कर. अंगणातून तो खांब काढून नेलेला मला बघवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सात वाजता तिने त्याला शिकवलं. नळी तिरपी धरू नकोस. पाण्याची कड काचेला वर चढलेली दिसते, ती वाचायची नाही. मधली खालची पातळी वाचायची. खाली वाक, झ्वोंको, पाऊस तुझ्या उंचीला येणार नाही, तुलाच त्याच्या उंचीला जायला लागेल. तो वाकला. त्याचे गुडघे वाजले. “पाच आणि काहीतरी,” तो म्हणाला.

“काहीतरी म्हणजे किती?”

“तीन. पाच-तीन.”

ती आत गेली नाही, खिडकीतून पाहत राहिली. तो टेबलाशी बसला आणि त्याने लिहिलं ५,३, शाळेत शिकवल्याप्रमाणे, स्वल्पविराम देऊन. रकान्यात ५,३ आलं.

महिन्याअखेरीला तिहोमिरचा फोन आला. तिला ऐकू जाऊ नये म्हणून झ्वोंको शेडमध्ये गेला, पण बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं बोलायची त्याची सवय. “एकही तारीख नाही? अच्छा. अच्छा. चला, बरं झालं.” ती बटाटे सोलत होती. आता पुरावा झाला. तेच यंत्र, तोच रकाना, तोच पाऊस. बदललं होतं फक्त माणूस.

त्या दिवसापासून नेवेंकाने सकाळी सातला उठणं सोडलं.

एक वर्ष गेलं. ती बारीक झाली. ती विचारल्याशिवाय बोलत नसे, आणि सांगितल्याशिवाय काही करत नसे. काही केलंच नाही तर चुकण्याचा प्रश्न येत नाही. कधी कधी ती झ्वोंको लिहीत असताना त्याच्या मागे येऊन उभी राहायची आणि त्याचं बोट बघायची. डॉक्टर म्हणाली, हळूहळू वाढतंय. खरंच वाढत होतं की माणूस न वापरल्याने असा होतो, हे सांगणं कठीण होतं, आणि आजही कठीण आहे.

पुढल्या ऑक्टोबरात दुन्याच्या दवाखान्यात कुणीतरी एक लठ्ठ तपकिरी मांजर आणलं. तिने ते काट्यावर ठेवलं. चार किलो तीनशे. तिच्या संगणकाची स्वल्पविरामाची कळ सकाळपासून अडकत होती, म्हणून तिने टिंब दाबलं: ४.३. रकान्यात आलं, ‘४. ओझु’. चार मार्च.

मांजराची मालकीण विचारत होती, “जास्त आहे का वजन?” दुन्याने ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं. चार मार्च. मग ०.४ लिहिलं. शून्य पूर्णांक चार जसाच्या तसा राहिला. मग ८.६.

“डॉक्टरीणबाई, बरं वाटत नाही का तुम्हाला?”

दुन्याने मांजर मालकिणीच्या हातात दिलं, पांढरा कोट तसाच अंगावर ठेवला आणि गाडी काढली. गावापर्यंतच्या दीड तासात ती काय काय म्हणाली असेल ते तिचं तिला माहीत. घरी पोचली तेव्हा दुपार होती. झ्वोंको शेडमध्ये हिवाळ्याची लाकडं रचत होता. ती त्याच्याकडे गेली नाही. हे आधी आईला सांगायचं, मग सगळ्या जगाला.

नेवेंका खिडकीपाशी बसली होती, हात मांडीवर.

“आई. आई, तू बरोबर होतीस.”

“कोट घालून का आलीस गं? थंडी आहे बाहेर?”

“ऐक ना. तू पाऊसच लिहीत होतीस. तू एकदाही चुकली नाहीस. तू टिंब द्यायचीस आणि ते मशीन त्याची तारीख करायचं. बाबा स्वल्पविराम देतात, म्हणून त्यांचं बरोबर येतं. एवढंच होतं, आई. एवढंच.” दुन्या जमिनीवर बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. “आम्ही काय केलं तुझं. काय केलं आम्ही.”

नेवेंकाने तिच्या केसांतून हात फिरवला. केसांना औषधाचा वास येत होता. मुलगी आपल्यावर किती जीव लावते, असं तिला वाटलं. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून माणसं किती लांबून गाडी चालवत येतात आणि काय काय रचून आणतात.

“बरं, बरं,” ती म्हणाली. “तसंच असेल.”

“तसंच असेल नाही, तसंच आहे! थांब, दाखवते.” दुन्याने लॅपटॉप ओढला, एक कोरा तक्ता उघडला आणि आईपुढे सरकवला. “लिही. तुझ्या पद्धतीनं लिही. चार पूर्णांक तीन.”

नेवेंकाने बोट कळांवर आणलं. आता तिला चुकायचं नव्हतं. मुलगी एवढ्या आशेने बघत होती. वर्षभर तिने झ्वोंकोच्या मागे उभं राहून त्याचं बोट पाहिलं होतं. त्याचं कधी चुकत नसे. तिने त्याच्यासारखंच केलं. चार. स्वल्पविराम. तीन.

रकान्यात ४,३ आलं.

“बघ,” नेवेंका म्हणाली. “आता बरोबर येतंय. गोळ्यांनी फरक पडला असेल.”

“नाही, आई, तू स्वल्पविराम दिलास! टिंब द्यायचं होतं. पूर्वी टिंब द्यायचीस ना तू? हे बघ, मी करते. माझ्या बोटाकडे बघ.”

दुन्याने लिहिलं. चार, टिंब, तीन. एंटर.

४. ओझु.

“पाहिलंस? पाहिलंस ना?” दुन्या रडत होती आणि हसत होती. “मी आकडा लिहिला, आणि काय आलं बघ. सकाळी दवाखान्यातही असंच झालं. तीन-तीनदा लिहिलं मी.”

नेवेंकाने पाहिलं. अगदी नीट पाहिलं. तिच्या सदतीस वर्षांच्या मुलीने पावसाच्या जागी तारीख लिहिली होती, आणि तिचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. तिला खात्री होती की आपण आकडाच लिहिला.

वर्षभरात तिला स्वतःसाठी एवढी भीती वाटली नव्हती. पण ती उठली, वर्षभरात पहिल्यांदा कुणी न सांगता उठली, आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मग परत येऊन तिने मुलीचा हात कळांवरून उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

“दवाखान्यात कुणी पाहिलं का?”

“काय?”

“तू असं लिहिलंस ते. तिथं कुणी पाहिलं?”

“आई, मी नाही, हे मशीन—”

“हो गं बाळा. मीही आधी हेच म्हणाले होते.” तिने मुलीचा हात चोळायला सुरुवात केली, जणू तो गारठला होता. “घाबरू नकोस. मी आहे. लगेच काही होत नाही, हळूहळू असतं ते. फक्त कुणाला सांगू नकोस. बाबांना तर मुळीच नको. त्यांना दोन-दोन जणी नाही झेपायच्या.”